मदत हवी आहे: सहकाऱ्याचं मांजर गेलं, कार्डात काय लिहू?

माझ्या ज्येष्ठ सहकारी मॅडमची मांजर चिंगी गेल्या आठवड्यात गेली. १४ वर्षांची होती, किडनीचा आजार होता, घरीच सलाईन देत होत्या. शेवटी डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन द्यावं लागलं. मॅडमशी संबंध चांगले आहेत, पण घरोबा नाही. छापील मजकूर नको आहे. किती लिहावं, काय टाळावं? आणि इतक्या दिवसांनी दिलं तर चालेल का?

प्रतिसाद १

आठवडा म्हणजे उशीर नव्हेच. महिन्याभराने दिलेलं कार्डही चालतं, कारण तोवर बाकीच्यांचं विचारणं बंद झालेलं असतं. फक्त उशिराबद्दल दिलगिरीच्या ओळी लिहू नका, नाहीतर कार्ड तुमच्याबद्दल होतं.

चार ते सहा वाक्यं पुरेत. पहिल्याच वाक्यात चिंगीचं नाव यायला हवं. 'तुमच्या पाळीव प्राण्याच्या निधनाबद्दल' असं लिहिलंत तर ते सरकारी पत्र वाटतं. नावाचं स्पेलिंग आणि घरी तिला 'ती' म्हणत की 'तो', हे आधी खात्री करून घ्या. 'मांजर'वरून सवयीने 'ते गेलं' लिहिलं जातं आणि घरच्यांना ते लगेच खटकतं.

त्यानंतर तिच्याबद्दलची एक खरी, बारीक गोष्ट. 'खूप गोड होती' हे कुठल्याही मांजराला लागू पडतं, त्यामुळे वाचून काही हाती लागत नाही. तुम्ही तिला भेटला नसाल तर मॅडमनी सांगितलेलं काहीतरी आठवा, पण रचून लिहू नका.

टाळायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. 'निदान १४ वर्षं तरी मिळाली', 'वय झालंच होतं', 'आता दुसरं आणा', 'आता बाहेरगावी जायला मोकळ्या' यांतलं एकही नको. 'निदान'ने सुरू होणारं वाक्य बहुतेक वेळा दुःख कापून लहान करतं. स्वतःचा कुत्रा गेला होता तेव्हाची हकीकतही नको. कितीही चांगल्या हेतूने लिहिली तरी मग त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागतं.

हे दुःख उघडपणे करायची सोय नसते, हाच मूळ प्रश्न आहे. रजा मिळत नाही, भेटायला कोणी येत नाही. समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाबद्दल केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९मध्ये मांडणी केली, आणि प्राण्याचा मृत्यू हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. म्हणून तुमच्या कार्डाचं काम एवढंच की दखल घ्यायची. समजूत घालायची नाही.

प्रतिसाद २

+१. कार्ड आतून कोरं घ्या आणि वर मांजराचं चित्र नको. दुसऱ्याच रंगाचं गोंडस पिल्लू बघून त्रास होतो. पानंफुलं किंवा साधा रंग बरा. गुळगुळीत कागदावर जेल पेन फिसकटतं, बॉलपेन वापरा. आधी साध्या कागदावर लिहून बघा, म्हणजे शेवटची ओळ कोपऱ्यात चिणावी लागत नाही.

धागाकर्ती

धन्यवाद. असा मसुदा केला आहे:

'चिंगीच्या जाण्याचं ऐकून खूप वाईट वाटलं. तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकते. पण तिची त्रासातून सुटका झाली. देव तिच्या आत्म्याला शांती देवो. काहीही लागलं तर सांगा.'

प्रतिसाद १

पहिलं वाक्य ठेवा. दुसरं काढा, कारण 'समजू शकते' हा दावा आहे आणि तो खोडायची इच्छा होते.

तिसरं सर्वात जपून. इंजेक्शनचा निर्णय मॅडमनी घेतला आहे. किडनीचा आजार चढउतारांचा असतो, दोन दिवस वाईट आणि तिसऱ्या दिवशी मांजर पुन्हा खाते. त्यामुळे 'घाई केली का' आणि 'उशीर केला का' हे दोन्ही प्रश्न मागे लागतात. 'सुटका झाली' म्हणताना तुम्ही नकळत त्या निर्णयावर निकाल देता. त्यांनी स्वतः विषय काढला तर बोला, कार्डात नको. त्याऐवजी त्यांनी केलेली सेवा लिहा, ती वस्तुस्थिती आहे.

देवाची ओळ त्या श्रद्धाळू असतील तरच. आणि 'काहीही लागलं तर सांगा' म्हणजे मागायचं ओझं पुन्हा त्यांच्यावरच. ठरावीक काहीतरी स्वतःहून करा. मात्र तिची भांडी, उरलेली औषधं, रेतीचा ट्रे आवरून देण्याची तयारी दाखवू नका. ते कधी हलवायचं हे त्यांचं त्या ठरवतील.

तिचं काही आठवतं का तुम्हाला?

धागाकर्ती

हो, ऑनलाइन मिटिंगमध्ये हमखास कॅमेऱ्यासमोरून शेपटी जायची.

प्रतिसाद १

मग झालंच की! असं काहीसं:

'मॅडम, चिंगी गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. मिटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोरून तिची शेपटी सरकली की आम्ही सगळे मुद्दा विसरून तिच्याकडेच बघायचो. एवढ्या कामातून तुम्ही तिचं सलाईन आणि औषधं सांभाळत होतात, ते आम्ही पाहत होतो. या आठवड्याचा अहवाल मी करते आहे, तो डोक्यातून काढून टाका. उत्तर द्यायची गरज नाही.'

अहवालाचं लिहिलंत तर तो खरंच करा. शेवटची ओळ ठेवाच, नाहीतर आभार मानायचं आणखी एक काम त्यांच्या मागे लागतं.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी सुटल्या. त्या मिटिंगचा स्क्रीनशॉट असेल तर द्या, पण कार्डात चिकटवू नका. वेगळ्या बंद पाकिटात घालून वर 'चिंगीचा फोटो' असं लिहा, म्हणजे कधी बघायचा ते त्यांच्या हातात राहतं.

घरात लहान मूल असेल तर त्याच्या नावाने वेगळी ओळ लिहा, पण त्याला काय सांगितलंय ते आधी विचारून घ्या. 'चिंगी झोपली' असं मात्र लिहू नका. लहान मुलं ते शब्दशः घेतात आणि रात्री झोपायला घाबरतात. 'चिंगी मेली, तुला तिची आठवण येत असेल' हे साधं वाक्य त्यांना नीट कळतं.

धागाकर्ती

मुलगा सहा वर्षांचा आहे. मॅडमच्या बहिणीला विचारते आणि मगच त्याची ओळ लिहिते. स्क्रीनशॉट सापडला, त्यात शेपटी आणि अर्धा कान आहे.

प्रतिसाद ३

तोच द्या, कापून नीटनेटका करू नका.