भाड्याच्या घरात कार्पेटवर व्यायामाची खोली कशी करावी?

एडिसनकर_मी:
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, दुसरा मजला, लाकडी बांधकाम. एक बेडरूम रिकामी आहे, १० बाय ११ ची, तिथे व्यायामाची खोली करायची आहे कारण डॉक्टरांनी हाडांसाठी वजनं उचलायला सांगितलीत आणि डिसेंबर ते मार्च बर्फात गाडी काढून जिमला जाणं माझ्याच्याने होत नाही. घडीची ट्रेडमिल घेतेय, साधारण २०० पौंडांची, शिवाय एक बेंच आणि डंबेल्स. प्रॉब्लेम असा की सगळ्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट बदामी कार्पेट आहे, ते काही आमचं नाही, आणि डिपॉझिट अडकलंय. शिवाय बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, ते रोज सकाळी त्याच खोलीत १२ सूर्यनमस्कार घालतात आणि म्हणतात की मऊ कार्पेटवर हात आत रुततो, मनगट दुखतं, योगा मॅटही सरकते. फोमचे ते एकमेकांत अडकणारे तुकडे टाकले तर चालेल का? की सरळ रबर मॅट टाकू?

तळमजला:
ताई, रबर थेट कार्पेटवर अजिबात टाकू नका, हे मी पैसे भरून शिकलोय. आधीच्या घरात दोन वर्षं काळी रबर मॅट टाकलेली होती, घर सोडताना उचलली तर खाली मॅटच्याच आकाराचा पिवळट डाग. शाम्पूने गेला नाही, मशीन भाड्याने आणून धुतलं तरी गेला नाही, कारण ती घाण नसतेच, रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात जी केमिकल्स घालतात ती हळूहळू बाहेर येऊन धाग्यात मुरतात. व्हिनाइलच्या फ्लोअरवरही असंच होतं. घरमालकाने त्या खोलीचं कार्पेट बदलायचे पैसे कापले आणि खरं सांगायचं तर मला भांडायला तोंड नव्हतं.
फोमचे तुकडे बाबांना बरे वाटतील कदाचित, पण बेंच आणि ट्रेडमिलखाली ते दबून कायमचे चपटे होतात, आणि हातात वजन घेऊन फोमवर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. हाडांसाठी व्यायाम करताय आणि त्यातच पाय मुरगळला तर काय उपयोग.

सुताराचा_मुलगा:
वरच्यांशी सहमत. उपाय प्लायवूड. कार्पेट दबतं ते एकूण वजनामुळे कमी आणि वजन चार छोट्या पायांवर एकवटल्यामुळे जास्त, कार्पेटखालचं पॅडिंग तेवढ्याच जागी चेपतं. प्लाय टाकला की तेच वजन पसरतं.
४ बाय ८ च्या शीट मिळतात, होम डेपोत तिथेच कापून देतात म्हणजे गाडीत मावतात. अर्ध्या इंचाचे दोन थर करा, खालच्या थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ देऊ नका, विटा रचतो तसं, नाहीतर सांध्यावर पाय पडला की पाट्या वरखाली होतात. दोन्ही थर एकमेकांना स्क्रूने जोडा, जमिनीला नाही. आणि स्क्रू पाऊण इंचाचेच घ्या, एक इंचाचा घेतला तर टोक खालून बाहेर येऊन कार्पेट फाडेल कारण अर्ध्या इंचाचा प्लाय प्रत्यक्षात जरा कमीच भरतो. कडा पॉलिश पेपरने घासा. खाली जुनी धुतलेली सुती चादर अंथरा, प्लॅस्टिक नको, ओल कोंडते. रबर मॅट हवीच तर प्लायवर टाका, म्हणजे ती कार्पेटला लागतच नाही. आणि कापायच्या आधी दार उघडून बघा! आपल्या घरांत दाराची खालची कड कार्पेटला जेमतेम घासून जाते, तिथे इंचभर प्लाय आला की दारच उघडत नाही.
बाबांसाठी याच प्लायवर साधी योगा मॅट. जमीन कडक मिळाली की हात रुतणार नाही, मॅट सरकणार नाही.

एडिसनकर_मी:
केवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. दाराचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण दुसऱ्या मजल्याला एवढं वजन झेपेल ना, या विचाराने रात्री झोप लागत नाहीये.

सुताराचा_मुलगा:
झेपेल. इथे बेडरूमचा हिशोब साधारण दर चौरस फुटाला ३० पौंड असा धरतात. तुमची मशीन २०० आणि तुम्ही समजा १४०, ३ बाय ६ च्या जागेवर म्हणजे १८ चौरस फुटांवर, १९ च्या आसपास येतं. तरी मशीन खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा भिंतीकडे ठेवा, तिथे जमीन कमी हलते. डंबेल्स मात्र आपटू नका, खालच्यांच्या डोक्यावर आवाज होतो.

बर्फातली_मराठी:
ट्रेडमिलचं अजून एक, ती थेट कार्पेटवर ठेवली की धागे आणि धूळ पट्ट्याखाली मोटारीत ओढली जाते आणि खालून हवा मिळत नाही म्हणून मोटार तापते. प्लाय असेल तर हा प्रश्न सुटतो.
घर घेतानाचे फोटो आहेत का? नसतील तर आजच, सामान यायच्या आधी, तारखेसकट काढून घरमालकाला ईमेल करा. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोबासकट परत द्यावं लागतं, आणि रोजच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. डाग आणि फाटणं मात्र झीज धरत नाहीत.
नुसते खळगे पडले तर त्यावर बर्फाचे खडे ठेवा, विरघळले की पाणी टिपून घ्या आणि चमच्याच्या मागच्या बाजूने धागे उभे करा. माझ्या सोफ्याच्या पायांचे असेच गेले.

एडिसनकर_मी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. ८ बाय ८ चा ओटा झाला, दोन थर, पाऊण इंची स्क्रू, खाली आईची जुनी चादर. काल कडेची एक बाजू उचलून बघितली, कार्पेट कोरडं आणि स्वच्छ आहे. फोटो पाठवले, घरमालकाचं "ओके" असं उत्तरही आलंय. दाराकडची पट्टी मोकळी सोडली, तिथे बाबांची खुर्ची. मनगट दुखायचं थांबलंय म्हणतात, आजपासून १२ चे १५ केलेत.