स्मरणशक्तीच्या कॅप्सूल आणि लिव्हर: भावासाठी सल्ला हवा आहे

अनघा_लालबाग
नमस्कार. धाकटा भाऊ बारावीला आहे, नीटचीही तयारी चालू आहे. परळच्या अभ्यासिकेतल्या मित्राचं बघून त्याने स्मरणशक्तीच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. पाच आठवडे झाले, रोज दोन घेतोय. डबीवर ब्राह्मी, अश्वगंधा, हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क अशी नावं आहेत, पण कुठलं किती ते नाही. नुसतं 'मिश्रण ७५० मिग्रॅ'. आई म्हणते, झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही. मी लिव्हरबद्दल वाचलं आणि धास्तावले. याहून सुरक्षित कंपनी कोणती? चार दिवस त्याला जेवण जात नाहीये, सारखा तळहात खाजवतो, पण ते उकाड्यामुळे असेल.

गिरगाव_केमिस्ट
अनघाताई, कंपनीचं नंतर बघू. शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, मला त्याचीच काळजी वाटते. कॅप्सूल आजच बंद करायला सांगा. डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायची आहे. सकाळी त्याला खिडकीशी उभं करून डोळ्यांचा पांढरा भाग बघा, ट्यूबलाइटमध्ये पिवळेपणा नीट कळत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय का तेही विचारा. काही दिसो न दिसो, उद्याच एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या.
आणि डबीवरच्या १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकावर जाऊ नका. तो उत्पादकाचा खाद्यपदार्थांचा परवाना असतो. त्या कॅप्सूलने स्मरणशक्ती वाढते का, लिव्हरला चालते का, हे कुणी तपासलंय असा त्याचा अर्थ नाही. काउंटरवर मी हे रोज सांगतो.

जुना_स्पर्धक
अगदी हीच खाज मला आली होती. एमपीएससीच्या तयारीत दीड महिना अश्वगंधाच्या गोळ्या घेतल्या. रात्री तळपाय जमिनीवर घासायचो, अंगावर पुरळ मात्र एकही नाही. आधी जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीची गोळी दिली, दुसरं काय घेतोस हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आठ दिवसांनी डोळे पिवळे झाले. गोळ्या थांबवल्यावर रिपोर्ट नॉर्मल यायला तीन महिने गेले, पूर्वपरीक्षा हुकली. ताई, एक दिवसही घालवू नका.

आजीचा_बटवा
ब्राह्मी पिढ्यान्‌पिढ्या देतात हो, सगळ्यालाच नावं ठेवू नका.

डॉक्टर_ठाणेकर
बटवाताई, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नीरब्राह्मीमुळे लिव्हर बिघडल्याचा ठोस पुरावा नाही. पण आपल्याकडे मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणूनच विकली जाते, आणि तिच्या गोळ्या घेणाऱ्या तीन बायकांना हिपॅटायटिस (लिव्हरला सूज) झाल्याची नोंद २००५ साली अर्जेंटिनातून आली होती. डबीत कुठली आहे ते नावावरून कळत नाही.
अश्वगंधाने कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलंड, अमेरिका आणि आपल्या केरळातूनही आहेत. बहुतेकदा दोन ते बारा आठवड्यांत सुरू होते, खाज खूप असते. ग्रीन टीचा कप वेगळा आणि अर्क वेगळा: अर्कातलं ईजीसीजी हे मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त गेलं की रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. हळदीचंही तसंच. आमटीतली चिमूटभर हळद खुशाल खा, पण मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल म्हणजे आमटी नव्हे. हे सगळ्यांनाच होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच भीती.
सगळा दोष कॅप्सूलवर टाकूनही थांबू नका. मुंबईत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई होतो, त्याच्या रक्ततपासण्याही हव्यात. केईएम रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, पोटविकार ओपीडीत दाखवा. कृपया गावाकडचं काविळीचं औषध सुरू करू नका, आधीच दुखावलेल्या लिव्हरवर आणखी एक अनोळखी काढा नको. पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय नको. उलट्या थांबेनात, गुंगी आली, असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट इमर्जन्सीत न्या.

गिरगाव_केमिस्ट
डॉक्टरांना अनुमोदन. ताई, पुढे कधी लक्ष लागत नाही म्हणाला तर आधी हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं फार सामान्य आहे, आणि कमतरता असेल तर भरून काढण्यात अर्थ आहे. आणि झोप. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, अकरानंतर अभ्यासिकेत बसवू नका. वाचून झालं की वही मिटून आठवेल ते लिहायला लावा, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते जास्त टिकतं.

अनघा_लालबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले: लिव्हरचं एन्झाइम एसजीपीटी ४१२, काविळीचं बिलिरुबिन २.८, दोन्ही वाढलेले. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टरांनी डबी बघून कॅप्सूल कायमच्या बंद केल्या, रक्त गोठण्याची तपासणी नॉर्मल आहे म्हणून ॲडमिट केलं नाही. आठवड्याने पुन्हा रक्त द्यायचंय. आई रात्री त्याच्या उशाशी बसून होती, झाडपाला हा शब्द तिने पुन्हा काढला नाही. ज्याचं बघून यानं मागवल्या त्या मित्राच्या घरी मी फोन केला. तो तीन महिने घेतोय. उद्या सकाळी तोही आमच्याबरोबर येतोय.