खेळातल्या जगाला पुराण द्यायचंय? आधी सनावळी बाजूला ठेवा

सड्यावरून

देवगड तालुक्यात आम्ही पाच जण एकाआड एक शनिवारी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची. जीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मी आणि जगही माझंच, सातखाडी नावाचं. सात खाड्या, सात बंदरं, मागे घाट. खेळ सुरू करायच्या आधी एका पावसाळ्यात बसून मी या जगाचा चाळीस पानी इतिहास लिहिला होता. सृष्टी कशी झाली, देवांची दोन युद्धं, पहिलं राज्य, दुसरं राज्य, सगळ्याला सन घातलेले. दोन वर्षांत त्यातलं एकच वाक्य खेळाडूंनी उचललं: ‘तिसऱ्या खाडीत भरती लागली की पाण्याखालून घंटा ऐकू येते.’ नेमका त्यालाच सन नव्हता.

तेव्हा माझं मत मांडतो. पटत नसेल तर खाली आपापल्या नावाने लिहून खोडून काढा. काल्पनिक जगाचा प्राचीन काळ जीएमने इतिहासाच्या पुस्तकासारखा लिहू नये. तो गावात जसा राहतो तसा ठेवावा. दगडात, रिवाजात, जागेच्या नावात आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टींत.

हे मला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कळलं. रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्यावरची कातळशिल्पं आता सगळ्यांना ठाऊक आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या घरात आहे आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेत. बारसूला दोन वाघांसारख्या जनावरांच्या मधोमध एक माणूस आहे. काही ठिकाणी गेंडा आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. वय किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण गावं त्यांच्यासाठी थांबली नाहीत. कुठे पांडवांचं नाव घेतात, कुडोपीला तर अख्ख्या सड्यालाच बाहुल्यांचा सडा म्हणतात. मी गेलो तेव्हा पहिला पाऊस होऊन गेला होता. एका रेघेत बोट घातलं. पेरभर खोल, काठ झिजून गुळगुळीत, तळाला शेवाळ, आणि त्या शेवाळात नखाएवढं बेडकाचं पिल्लू. माझी चाळीस पानं त्या रेघेपुढे फिकी वाटली.

पुढच्या खेळाला वही घरी ठेवून गेलो. खेळाडूंपुढे तीन गोष्टी टाकल्या. सड्यावर कोरलेलं एक जनावर, जे जगात आता कुठेच उरलेलं नाही. एक गाव, जिथे त्या जनावराच्या दिशेला पाय करून कोणी झोपत नाही. आणि दोन म्हाताऱ्या, दोघींच्या गोष्टी दोन तऱ्हेच्या. चार तास कोणी उठलं नाही.

चौकट

तुमची दोन म्हाताऱ्यांची युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर सिद्धांत उभारू नका. मी अशाच खेळात खेळाडू होतो म्हणून कळकळीने लिहितोय.

आमच्या जगात एक फुटका बांध होता. हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि खारं पाणी शिरून एक राज्य बुडालं. कोणी फोडला? एका गावात म्हणत राणीने, दुसऱ्यात म्हणत समुद्राने. आम्ही सात बैठका त्याच्या मागे घालवल्या. कागदावर नकाशा काढला, कोणाचं सांगणं कुठे जुळतं ते लाल पेनने जोडत गेलो. आठव्या बैठकीला जीएम म्हणाले, ‘तसं एक उत्तर नाहीये, तुम्हाला काय वाटतं?’ तो लाल पेनचा कागद अजून माझ्याकडे आहे. बघवत नाही.

कातळशिल्पांचं उदाहरण तुम्ही उलटं लावताय. ती कोणी कोरली हे आपल्याला माहीत नाही, पण कोणीतरी, कधीतरी, एका दिवशी छिन्नी हातात घेतली होती. उत्तर आहे, आपल्यापर्यंत पोचलेलं नाही इतकंच. म्हणून तर माणसं तिथे उन्हात मोजमापं घेत बसतात. जीएमकडेच उत्तर नसेल तर खेळाडूंनी मोजायचं काय?

सड्यावरून

सात बैठकांचं वाचून वाईट वाटलं. मात्र तो दोष मी जीएमच्या तयारीला देईन, दोन सांगण्यांना नाही. तुम्ही बांध कोणी फोडला हे शोधताय हे दुसऱ्याच बैठकीला दिसलं असणार. तिथे उत्तर ठरवायला हवं होतं.

पण सृष्टी कशी झाली याचं उत्तर ठरवून काय मिळतं? ग्लोरँथा या काल्पनिक जगाचं उदाहरण घ्या. ग्रेग स्टॅफर्ड यांनी ते जग १९६६ पासून रचायला घेतलं आणि १९७८ च्या रूनक्वेस्ट या खेळातून ते रोलप्लेइंगमध्ये आलं. तिथे काळ सुरू होण्याआधी देवांचा काळ आहे. त्याबद्दल प्रत्येक जमातीचं पुराण वेगळं, आणि ज्याचं त्याला ते फळतं. त्याच जगात एक पंथ होऊन गेला, ज्याने सगळी पुराणं एका सूत्रात बसवायचा खटाटोप केला. त्यांनी दोन धान्यदेवींची अदलाबदल करून पाहिली. दोघी सारख्याच, मग काय फरक पडतो, असा हिशोब. पिकं बुडाली. मला तर रोलप्लेइंगमधल्या जगांत याहून मोलाची कल्पना सापडलेली नाही.

रापणकाठ

मला तुम्हा दोघांशीही थोडं भांडायचंय. जुळणाऱ्या-न जुळणाऱ्या गोष्टींवर बोलताय, पण गोष्ट सांगतंय कोण हे कोणी विचारलं नाही.

परशुरामाची गोष्ट घ्या. बाण मारला, समुद्र मागे हटला, कोकण वर आलं. सह्याद्रिखंड या पोथीत ती आहे, चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ आहे, गोव्यात बाणावली आहे, जिथे तो बाण पडला म्हणतात. खाली केरळात गेलात तर हातात बाण नाही, परशूच फेकला असं सांगतात. एकच गोष्ट, हत्यार बदललं. इथवर तुमचा मुद्दा बरोबर.

पण आमचं घर तीन पिढ्या समुद्रावर जगलंय. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मी आईला विचारलं होतं, मग समुद्राची जमीन गेली त्याचं काय? आई जाळं विणत होती. ती म्हणाली, म्हणून नारळी पुनवेला आधी त्याला नारळ द्यायचा, मग होडी लोटायची. आईचं हे उत्तर कुठल्या पोथीत नसेल. आमच्या घरात मात्र तेच खरं.

तुम्ही पुराण रचाल तेव्हा जमीन ज्याला मिळाली त्याची गोष्ट आपसूक लिहाल. जिंकलेल्याची गोष्ट लिहायला सोपी असते. ज्याची गेली त्याचीही लिहा. सातखाडीत समुद्र काय सांगतो?

घाटमाथा

रापणकाठ, हे फार आवडलं. मी फक्त विचारतो, की हे खेळाडूंपर्यंत पोचवायचं कसं? समुद्र बोलायला लागला की त्याचा एक लांब संवाद होतो आणि जीएम वाचून दाखवतो.

आचऱ्याकडचो

बोलूक कित्याक व्हया? करून दाखवा.

आमच्याकडे गावपळण असता. आचऱ्यात, चिंदरात. तीन-चार वर्सांनी देवाचो कौल झालो की अख्खो गाव तीन दिस तीन राती येशीभायर. गुरां, कोंबडी, कुत्रे सगळे वांगडा. झोपड्यो बांधून ऱ्हवायचा. मी ल्हान असताना आजयेक इचारलंय, आपण गाव सोडून कित्याक जातो? ती म्हणाली, ‘देवाक गाव तीन दिस एकटो व्हयो.’ हेच्या पुढे तिना काय सांगल्यान नाय. परत इलो तेव्हा दाराफुडली पाना तशीच पडलेली, कोणाचा पाऊल नाय. ता बघून माझ्या अंगार काटो इलो. तेवढ्यान माका सगळा कळला.

तुमच्या खेळाडवांका एक रिकामो गाव दाखवा. चुली थंड, दारां बंद, आणि येशीभायर सगळी माणसां हसत जेवतहत. मगे बघा कोण कोण काय काय इचारता.

सड्यावरून

हे मी उचलतो आहे, तुमची परवानगी धरून.

पेटारा

दशावतारात वडिलांबरोबर फिरलेला माणूस आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रात्री आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि बाकी सगळं रंगमंचावर उभ्याउभ्या. आधी गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान. माझे वडील पहाटेपर्यंत संवाद रचत, आणि तोच प्रसंग दुसऱ्या गावात दुसऱ्या शब्दांत. आमच्या टेबलावरचा खेळ याच जातीचा आहे असं मला नेहमी वाटतं.

पण म्हणूनच मी सड्यावरून यांच्याशी पूर्ण सहमत नाही. दशावतारी नटाला काही लिहावं लागत नाही, कारण पुराण त्याला आणि समोर बसलेल्या आजीला दोघांना आधीच पाठ असतं. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा पुढे काय होणार हे सगळ्या मांडवाला माहीत असतं, तरी बायका डोळे पुसतात. माहीत असतं म्हणूनच पुसतात. तुमच्या सातखाडीचं पुराण कोणालाच पाठ नाही. न जुळणाऱ्या दोन गोष्टींची गंमत कळायला, निदान एक गोष्ट आधी सगळ्यांच्या तोंडी बसलेली लागते. सगळंच धूसर ठेवलंत तर कोणाचं काही मोडणार नाही आणि कोणाला काही लागणारही नाही.

मी एक आख्यान ठरवून घेईन. लहान, पाच मिनिटांत सांगून होणारं, आणि खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगेन: हे तुम्ही आईच्या मांडीवर ऐकलंय. त्याला फाटे नंतर.

चौकट

पेटारा यांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं मी सोडत नाही. खेळाडू ज्याच्या मागे लागू शकतात त्या प्रत्येक गोष्टीचं खरं उत्तर जीएमच्या वहीत हवं.

तिळारी

वेगळा मुद्दा, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. आपल्याच मातीतून पुराण घ्या म्हणताय, ठीक. पण किती घ्यायचं?

मागच्या वर्षी मी एका ग्रुपमध्ये पाहुणा म्हणून खेळायला बसलो होतो. जीएमने वेतोबाला राक्षस म्हणून आणलं. ८० हिट पॉइंट्स, म्हणजे तेवढी इजा झाली की मेला, आणि आगीने दुप्पट इजा. मी वेंगुर्ला तालुक्यातला. आरवलीच्या देवळात मी वाहिलेल्या चपला पाहिल्यात, हातभर लांब, आणि जुन्या जोडांचे तळ झिजलेले. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून झिजतात ही आमची श्रद्धा. माझ्या बाबांच्या आजारपणात आईने चपलांचा आणि केळ्यांचा नवस बोलला होता. टेबलावर फासे पडत होते आणि मी गप्प बसलो होतो. वीस आला, सगळे ओरडले, वेतोबा मेला. मी उठून घरी आलो.

जिवंत दैवत खेळात मारायला आणू नका. एवढंच.

सड्यावरून

तिळारी, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. नाव आणि मूर्ती उचलणं चूकच. मी तर म्हणेन आळससुद्धा, कारण तयार भय फुकटात मिळतं.

पण झिजलेला तळ मला हवाय. देव दिसत नाही, चालताना ऐकू येत नाही, आणि सकाळी चामडं झिजलेलं असतं. अदृश्य गोष्टीचा पुरावा कसा असावा, हे तुमच्या गावाने शिकवलंय. सातखाडीत मी चपला नाही ठेवणार. एक वल्हं ठेवेन. देवळात टांगलेलं, दरवर्षी नवं, आणि वर्षअखेर पातं झिजून अर्धं. यातही तुम्हाला दुखणार असेल तर सांगा, मी काढतो.

तिळारी

वल्हं चालेल. ते कोणी पळवून नेऊन विकलं असं मात्र खेळाडूंना सहज करता येऊ नये. गावाने काहीतरी केलं पाहिजे.

रापणकाठ

वल्हं आहे तर मग ते कोण ओढतं हे समुद्राला विचारा ना. माझा प्रश्न अजून तसाच आहे.

सड्यावरून

हो. काल रात्री त्यावरच बसलो होतो. पेटारा यांचं ऐकून एक आख्यान ठरवलं: सातखाडीच्या सात भावांनी समुद्राकडून एका रात्रीपुरती जमीन उसनी घेतली आणि सकाळ होऊच दिली नाही. हे सगळ्यांना पाठ. वरच्या गावांत भाऊ शूर आहेत. बंदरांत हीच गोष्ट सांगताना शेवटी ‘आणि व्याज चढतंय’ असं म्हणतात, आणि ते म्हटल्याशिवाय कोणी होडी लोटत नाही. समुद्र स्वतः काही बोलत नाही. भरतीची खूण मात्र देवळाच्या पायरीवर दर वर्षी एक बोट वर जाते, आणि ती मोजणारी बाई खेळाडूंना पहिल्याच दिवशी भेटेल.

चौकट यांच्यासाठी: तिसऱ्या खाडीतली घंटा कोणाची हे मी वहीत लिहिलंय. सहा ओळी, सन नाही. गावपळणीसारखं रिकामं गाव येत्या शनिवारी. चुली थंड, येशीबाहेर पंगत.

चौकट

सहा ओळी पुरे. पायरीवरची खूण एका वर्षी खाली गेली तर काय, हे त्यात आहे का? माझा खेळाडू पहिल्या तासाला तेच विचारेल.

आचऱ्याकडचो

पंगतीत सोलकढी व्हयी. आणि येक म्हातारी गावाकडे पाठ करून बसलली दाखवा. तिका कोणी इचारूचा नाय.