मदत हवी आहे: संकरित कॅटफिश खाल्लेले ओकतो आहे आणि अचानक आक्रमक झाला आहे

नमस्कार. रेडटेल आणि टायगर शोव्हलनोज यांच्या संकरातून झालेला एक कॅटफिश माझ्याकडे साडेचार वर्षांपासून आहे. आणला तेव्हा बोटभर होता. आता सुमारे अडीच फुटांचा झाला असून ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत, म्हणजे जेमतेम १,७०० लिटर पाण्यात राहतो. ही जागा त्याला अपुरी आहे हे मला मान्य आहे, कारण वळताना प्रत्येक वेळी त्याची शेपटी काचेला घासते.

याच टाकीत पाकू जातीचा दुसरा एक मोठा मासा त्याच्यासोबत चार वर्षे निर्धास्त राहिला. मात्र गेल्या सहा आठवड्यांत दिवे मालवले की हा त्याच्या अंगावर धावून जातो, आणि पाकूचा शेपटीचा पर फाटल्यामुळे मला त्याला वेगळे ठेवावे लागले. पूर्वी माझ्या हातातून कोळंबी घेणारा हा मासा आता सायफनची नळी पाण्यात शिरताच तिच्यावर तोंड मारतो. काचेवर आपटून त्याचा वरचा ओठ सोलवटला आहे, आणि डावीकडची एक मिशी निम्मीच उरली आहे.

पाणी तपासले तेव्हा अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ७.४, तापमान २७ अंश, पण नायट्रेट ८० पीपीएम निघाले. हा दोष सर्वस्वी माझा. रोज पाव टाकी पाणी बदलून ते ३० पर्यंत आणले, त्यानंतर ओठाची जखम भरू लागली. उलट्या मात्र थांबल्या नाहीत: खाल्ल्यानंतर तीन-चार तासांत तो कोळंबी जवळजवळ अख्खी, फक्त पांढरी पडलेली, बाहेर टाकतो. जिवंत गोल्डफिश मी फार पूर्वीच बंद केले आहेत, कारण त्यांतील थायमिनेज या एन्झाइममुळे ब१ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

खरी शंका पुढे आहे. रविवारी हीटर बाहेर काढला, तेव्हा त्याला काचेवर चिकटवून धरणाऱ्या चार रबरी सक्शन कपांपैकी एक जागेवर नव्हता, आणि फिल्टर उघडून व तळ चाळूनही तो सापडला नाही. हे मासे तोंडात मावेल ते गिळतात हे ठाऊक असूनही मी हीटरला जाळी लावली नव्हती.

पोटात अडकलेल्या वस्तूमुळे मासा असा चिडखोर होऊ शकतो, की आक्रमकपणाचे कारण अपुरी जागा आणि वाढते वय हेच असून उलट्यांशी त्याचा संबंध नाही? रबर एक्स-रेमध्ये दिसते का? एवढ्या मोठ्या माशाला लवंगेच्या तेलातील युजेनॉलने भूल देऊन तोंडावाटे वस्तू काढल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल, तर मात्रा आणि भूल उतरण्याचा वेळ यांविषयी सविस्तर लिहावे. तो मजकूर मी माशांच्या डॉक्टरांपुढे ठेवणार आहे, स्वतः प्रयोग करणार नाही. एकाने तांबेयुक्त औषध सुचवले होते, परंतु खवले नसलेल्या माशांना तांबे सोसत नाही म्हणून मी ते टाळले.

सध्या खाद्य पूर्ण बंद आहे; या आकाराचा सुदृढ मासा दोन आठवडे उपाशी राहू शकतो, पण हा सुदृढ म्हणावा का, हाच प्रश्न आहे. हरवलेल्या कपाचा व्यास ३ सेंटिमीटर असावा; उरलेल्या तिघांपैकी एक मी मापासाठी काढून ठेवला आहे.