गाड्यावरचा कटलेट पाव की कंपनीचा बर्गर? गोव्यातले तुमचे अनुभव सांगा

मळेकरीण, पणजी

गेल्या आठवड्यात लेकाला नववं वर्ष लागलं. कुठे जायचं विचारलं, तर त्याने लगेच एका मोठ्या कंपनीच्या बर्गरचं नाव घेतलं. गेलो, खाल्लं, फुगा मिळाला, स्वारी खूश. मला मात्र रात्री झोप लागेना. मी त्याच्याएवढी असताना बाबा पगाराच्या दिवशी मिरामारला गाड्यावर न्यायचे. रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केलेलं कटलेट, बारीक चिरलेला कोबी, कांदा, वर लाल सॉस आणि पोदेराचा, म्हणजे आमच्या पारंपरिक पाववाल्याचा, पाव. मॅकडोनल्ड्स भारतात आलं १९९६ साली. त्याआधीपासून आम्ही आमचा बर्गर खात होतो, फक्त त्याला बर्गर म्हणत नव्हतो.

माझ्या लेकाला गाडो ठाऊकच नाही. त्याला तिथे कधी नेलं नाही ते मीच, आणि हेच बोचतंय. तुम्ही कुठे खाता, आणि का? चांगलं-वाईट सगळं लिहा. ‘हल्लीची मुलं’ एवढंच लिहून जाऊ नका.

फोंड्याची भाची

ताई, बारावीनंतर दीड वर्ष मी अशाच एका कंपनीच्या दुकानात होते. बाहेरून कळत नाही अशा गोष्टी सांगते. टिक्की गोठलेली येते, बन पिशव्यांतून येतात, तळणीच्या टोपलीला घड्याळ लावलेलं असतं. ते वाजलं की टोपली वर. हात धुवायचीही वेळ ठरलेली, गर्दी कितीही असो. तिथे चव माझ्या हातात नव्हती. पणजीत जी चव, तीच बंगळुरात.

पण पगाराची स्लिप मिळायची, पीएफ कापला जायचा. आमच्या घरात पीएफ असलेली मी पहिली. आईने ती पहिली स्लिप देव्हाऱ्यात ठेवली होती. तेव्हा तिथे काम करणाऱ्या पोरांना कोणी नावं ठेवली की मला लागतं. त्रास झाला तो रात्रपाळीचा. दुकान आवरेपर्यंत फोंड्याची शेवटची बस गेलेली असायची आणि घरी पोचवायची सोय कंपनीने कधी केली नाही. शेवटी बाबांनीच सोडायला लावलं.

आता संध्याकाळी मामाच्या गाड्यावर उभी राहते. पहिल्याच आठवड्यात नळ लावलेला पिंप आणि साबण आणला. मामा म्हणाला, एवढी वर्षं बादली चाललीच ना! मी ऐकलं नाही. आता बायका मुलांना घेऊन येतात, आधी पिंपाकडे जातात, मग ऑर्डर देतात. मामाने परवा स्वतःहून दुसरा पिंप आणला.

डिचोलीहून आई

मी दुसरी बाजू मांडते, रागावू नका. आमच्याकडे सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, श्रावण कडक. गाड्यावर एकच तवा, एकच उलथणं. त्याच तव्यावर चिकन कटलेट आणि त्याच तव्यावर व्हेज. माझ्या सासूबाई तिथलं पाणीसुद्धा पीत नाहीत. मॅकडोनल्ड्समध्ये शाकाहारी पदार्थांची जागा आणि माणसं वेगळी असतात हे त्यांना दाखवलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नातवंडांसोबत बाहेर बसून आलू टिक्की बर्गर खाल्ला. वर स्वच्छ संडास. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं असतात त्यांना याची किंमत विचारा. एखाद्या गाडेवाल्याने व्हेजसाठी वेगळा तवा ठेवला, तर मी दर सोमवारी तिथे येईन, शब्द देते.

वास्कोकार

कॉलेजात असताना गाड्यावर खाऊन तीन दिवस आडवा होतो. तेल काळं होतं, दिसत होतं, तरी खाल्लं. तेव्हापासून आधी कढई बघतो, मग खिशात हात घालतो.

पोदेराचा शेजारी, सासष्टी

सगळे कटलेटवर बोलतायत, पावावर कोणीच नाही. आमच्या घराला लागून पोदेराची भट्टी आहे, लाकडावरची. भल्या पहाटे कणीक मळल्याचे धपाधप आवाज येतात. पूर्वी ती सूर, म्हणजे माडी, घालून फुगवायचे, आता यीस्ट आलं. उंडो, कात्रो पाव, पोळी, कांकण, हे सगळे पावाचेच प्रकार, प्रत्येकाचं पीठ, आकार आणि गिऱ्हाईक वेगळं. सकाळचा पाव सायकलवर भोंगा वाजवत घरोघर जातो. दुपारची भट्टी मात्र बरीचशी गाड्यांसाठी असते. चारच्या सुमाराला गाडेवाले येतात आणि टोपल्या भरून नेतात.

उंडो हातात घेऊन बघा. वरून कडक, बोटाने दाबला की कडकन मोडतो, आत मऊ. रॉस ऑम्लेटच्या, म्हणजे ऑम्लेटवर ओतलेल्या मसालेदार शागुतीच्या, रसात बुडवला तर तो रस शोषून घेतो, तरी तुटून ताटलीत पडत नाही. कंपनीचा गोडसर बन रसात टाकलात तर त्याची पेज होते. तो बन दुसऱ्या कामासाठी घडवलेला आहे.

म्हणून मला वाटतं, गाड्यावर खाल्लेला प्रत्येक पाव पोदेराच्या दुपारच्या भट्टीत लाकूड घालतो. आमच्या पोदेराची दोन्ही मुलं परदेशी गेली. दुपारची भट्टी थंड पडली तर नुसत्या सकाळच्या विक्रीवर त्याचं भागणार नाही. मग सकाळचा भोंगाही ऐकू येणार नाही. हे लिहिताना घशात आवंढा येतोय.

मडगावचा बर्गरवाला

माझं चार टेबलांचं दुकान आहे. पाव पोदेराचा, चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं आमचं मसालेदार सॉसेज, बाजारातल्या ओळखीच्या बाईंकडून, कोशिंबीर रोज ताजी. चोरीस बर्गर १८० रुपयांना. मोबाइलच्या अ‍ॅपवरून मागवलात तर त्यातला जवळजवळ पाव हिस्सा कमिशनमध्ये जातो, डबा-पिशवीचे वेगळे. पावसाळ्यात पर्यटक नसतो तेव्हा दिवसाला वीस बर्गर गेले तरी देव पावला. मोठ्या कंपन्या दोनावर एक फुकट देऊ शकतात, मी दिलं तर त्या महिन्याचं भाडं चुकतं. तुमच्या जवळच्या छोट्या दुकानाला मदत करायची असेल तर थेट फोन करा, स्वतः येऊन न्या. तेवढ्याने माझ्यासारख्याचा महिना निघतो.

म्हापशाची विद्यार्थिनी

आम्ही मैत्रिणी कंपनीच्या दुकानात जातो ते बसायला. एक कोल्ड्रिंक घेऊन दोन तास अभ्यास करतो, कोणी उठवत नाही, कोणी टक लावून बघत नाही. गाड्यावर रात्री आठनंतर पुरुषांचाच घोळका असतो. चव गाड्याचीच आवडते, म्हणून पार्सल आणतो आणि घरी खातो.

मळेकरीण, पणजी

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. काल संध्याकाळी सातला लेकाला गाड्यावर नेलं. आधी कढई बघितली, वास्कोकारांनी शिकवल्याप्रमाणे. तेल स्वच्छ होतं. हात धुवायला बादलीच होती, त्याबद्दल गाडेवाल्याशी नीट शब्दांत बोलले. फोंड्याच्या पिंपाची गोष्ट त्यांना सांगितली.

लेकाने रॉस ऑम्लेट मागितलं. गाडेवाल्याने विचारलं, “तीख उणें करूं रे पुता?” म्हणजे तिखट कमी करू का रे बाळा. हा म्हणाला, “नाका,” नको. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि परत उंडो रसात. ऑम्लेट संपलं, ताटलीत रस उरला. त्याने स्वतः जाऊन आणखी एक पाव मागितला.

टोपली रिकामी होती. गाडेवाल्याने शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारून त्याच्यातला अर्धा दिला.