मदत हवी आहे: तैवानची भाडेकरू आणि शेजारच्यांचा रिव्हर्स हॉर्न

नमस्कार मंडळी. बाणेरला आमच्या वरच्या खोलीत तैवानची एक मुलगी भाड्याने राहते, नोकरी हिंजवडीत. शेजारच्या काकांची गाडी मागे घेताना बीथोव्हेनची ‘फ्यूर एलिझ’ वाजते. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी हीच धून वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन खाली धावतात! परवा ही पोरगी एका पायात चप्पल, हातात गाठ मारलेली पिशवी, अशी धडधडत जिना उतरली. फाटकाशी पोचल्यावर खूप हसली, पण रात्री जेवली नाही.

पुण्यात एखादं तैवानी कुटुंब कुणाच्या ओळखीत आहे का? आणि हॉर्नची धून बदलून देणारा ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवा. खर्च मी करेन. काकांना पटवायचं कसं, तेही सांगा.