नास्तिक मुलाने रामकुंडावर वडिलांचा दशक्रिया विधी करावा का?

गोदाकाठ
वडील ऐंशीच्या पुढचे, काळारामाचं दर्शन घेतल्याशिवाय चहा न घेणारे. मी कॉलेजपासून नास्तिक. परवा त्यांनी शांतपणे सांगितलं, "माझा दहावा रामकुंडावरच कर. पिंड तूच ठेव." मी हो म्हणालो. मित्रांच्या मते ही शरणागती, नातेवाइकांच्या मते पोरगा अखेर ताळ्यावर आला. मला दोन्ही मान्य नाही. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळल्या की गती मिळते, यावर माझा विश्वास नाही. पण देह त्यांचा, इच्छाही त्यांची. उद्या मी देहदान ठरवलं तर माझ्या मुलीने, तिला पटो न पटो, ते पार पाडावं अशीच माझी अपेक्षा असेल. मग आज मी वेगळं कसं वागू?

तर्कनिष्ठ
देहदानाशी तुलना चुकीची. देहदानातून वैद्यकीय विद्यार्थी शिकतात. पिंडदानातून कोण काय शिकतं? मनात नसताना मंत्र म्हणणं हे खोटं बोलणंच आहे, वडिलांसाठी असलं तरी. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. माणसं विचारासाठी जीव देतात आणि आपल्याला घरातल्या घरात "नाही" म्हणता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वडिलांची सेवा जिवंतपणी करा, तिथे कसूर नको.

पंचवटीकर
तर्कनिष्ठ, दाभोलकरांची हत्या नीच होती. आम्ही देव मानणारेही हेच म्हणतो. पण ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले, त्यातसुद्धा पूजा, यात्रा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. रोख फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर आहे. कोण काय शिकतं म्हणता? घाटावर कधी थांबून बघा. कावळा शिवत नाही, सगळे ताटकळलेले असतात. मग एखादा भाऊ पुढे होऊन मोठ्याने म्हणतो, "धाकटीचं लग्न मी करून देईन, काळजी करू नका." पंचवीस माणसांदेखत दिलेला तो शब्द पुढे मोडणं सोपं नसतं. मला त्यात देव दिसतो. तुम्हाला नुसता कावळा दिसत असेल, तर तसं म्हणा.
गोदाकाठ, माझा आक्षेप मात्र तुमच्यावर आहे. भाव नसताना संकल्प सोडू नका. पुतण्या असेल, भाचा असेल, ज्याचा विश्वास आहे त्याला बसवा.

येवलेकर
इथे सगळे "मतांचा आदर" म्हणताहेत. याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दार बंद करणाऱ्यांचीही श्रद्धाच होती, आणि मनापासूनची होती. त्या श्रद्धेचा आदर मी करणार नाही. गोदाकाठ यांच्या वडिलांबद्दल तक्रार नाही, ते कुणाला अडवत नाहीत. माझ्यासाठी पारख एवढीच.

सिडकोची लेक
आणि "पिंड तूच ठेव" म्हणजे मुलानेच? गोदाकाठ यांना बहीण असेल तर तिला कुणी विचारलं का? माझ्या आईच्या वेळी मी पुढे झाले तेव्हा देव मानणारे काका गप्प राहिले आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणारे मामा अडून बसले. आस्तिक-नास्तिक वाटणी मला तेव्हापासून फारशी कामाची वाटत नाही.

गोदाकाठ
बहीण आहे, आणि ती देव मानते. तिचं नाव माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पंचवटीकर, तुमचा मुद्दा लागला. माझा विश्वास नाही हे वडिलांना माहीत आहे, पण त्यांच्या दहाव्याबद्दल आम्ही तसं उघड बोललेलो नाही. रविवारी विचारतो: विश्वास नसलेल्या हातांनी चालेल, की ताईने करावं? ते म्हणतील तसं.

तर्कनिष्ठ
विचारताय हे चांगलं. ते "तूच कर" म्हणाले तरी तुम्ही करू नये, हे माझं मत कायम आहे.

पंचवटीकर
ताईचं ठरलं तर गुरुजींना आत्ताच विचारून ठेवा. काही जण मुलीच्या हातून करायला नकार देतात, काही आनंदाने करतात. ऐन वेळी घाटावर वाद नको.